खरजेची खाज व शरीराची प्रतिकारशक्ती

खरूज हा रोग ठाऊक नाही असे गाव विरळा. परंतु या रोगात खाज नेमकी कशामुळे सुटते, असा प्रश्न केला तर बहुतेक जण 'किडा चावतो म्हणून' असे उत्तर देतील. हे उत्तर वरवर बरोबर वाटले, तरी ते पुरतेपणी खरे नाही. खरजेच्या किडीने कातडीत घर केल्यावर, पहिल्या खेपेस कित्येक आठवडे माणसास काहीच जाणवत नाही. खाज सुटते ती त्यानंतर, आणि ती मुख्यतः त्या किडीविरुद्ध आपल्याच शरीराने पुकारलेल्या लढ्यामुळे सुटते. हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. ज्यास खाज सुटते त्यालाच औषध देण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि घराघरांतून खरूज पुन्हा पुन्हा उलटण्याचे मोठे कारण ही रीतच होय. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूभगिनींनी प्रथम ही खाज समजून घ्यावी आणि मग औषधाकडे वळावे, अशा हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

खरजेची कीड

वांग्यावर किंवा भेंडीवर पडणारा लाल कोळी आपल्या परिचयाचा आहे. जनावरांच्या अंगावरील गोचीडही परिचयाची आहे. खरजेची कीड याच आठ पायांच्या कोळीवर्गातील आहे. ती पिसवेप्रमाणे उडी मारीत नाही व तिला पंखही नाहीत. ती केवळ रांगते. तिची मादी सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांबीची असते. नर तिच्याहून लहान असतो. तीक्ष्ण दृष्टीच्या माणसास मादी एखाद्या पांढुरक्या ठिपक्याएवढीच दिसू शकते.

मादी कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात भुयार खणते. दिवसाकाठी अर्ध्या मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत ती पुढे सरकते आणि रोज दोन ते तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटून सहा पायांची पिले बाहेर पडतात व सुमारे दोन आठवड्यांत त्यांची वाढ पुरी होते. मादी महिना ते दीड महिना जगते. बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, काख, कंबर, बेंबीचा भोवताल, नितंब व जननेंद्रिये या तिच्या आवडीच्या जागा होत. तान्ह्या मुलांत तळहात, तळपाय, चेहरा व टाळू यांवरही ती आढळते.

ही कीडच खरजेचे कारण आहे, हे मान्य होण्यास मोठा काळ जावा लागला. इटलीतील लिव्होर्नो येथे बोनोमो व चेस्टोनी यांनी १६८७ साली सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहून तिचे वर्णन केले. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे वैद्यकाने त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. अखेर १८३४ साली पॅरिसमधील सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिका बेटावरील विद्यार्थ्याने रोग्याच्या कातडीतून सुईने कीड काढून सर्वांसमक्ष दाखविली. ही हातोटी त्याने आपल्या बेटावरील गरीब स्त्रियांकडून उचलली होती. विद्वानांना जे सापडत नव्हते, ते गावच्या बायाबापड्यांना ठाऊक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

थोड्या किडी, मोठी खाज

सर्वांगावर पुरळ उठलेला रोगी पाहिला की त्याच्या अंगावर हजारो किडी असाव्यात असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने सैन्यातील ८८६ रोग्यांच्या अंगावरील माद्या एकेक करून मोजल्या. तेव्हा दर माणशी सरासरी सुमारे ११ माद्या आढळल्या. निम्म्याहून अधिक रोग्यांच्या अंगावर तर पाच किंवा त्याहूनही कमी माद्या होत्या. त्यांपैकी बहुतेक हातांवर व मनगटांवर होत्या. पुरळ मात्र पोट, मांड्या, नितंब असे दूरवर पसरलेले होते.

ज्या जागी कीड नाही त्या जागीही पुरळ उठते व खाज सुटते, याचा अर्थ उघड आहे. ही खाज किडीच्या दंशाची नसून शरीराच्या प्रतिक्रियेची आहे. शेतात चार उंदीर शिरावेत आणि ते धरण्यासाठी साऱ्या गावाने धावत सुटून उभे पीक तुडवावे, तसाच काहीसा हा प्रकार होय.

पहिला महिना स्वस्थ का जातो?

याच मेलनबी यांनी १९४१ सालापासून इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर प्रयोग केले. युद्धात शस्त्र धरणे सदसद्विवेकबुद्धीस पटत नाही म्हणून सैन्यात जाण्यास नकार दिलेले हे तरुण होते. त्यांच्या अंगावर खरजेची कीड सोडण्यात आली. पहिल्या महिन्यात त्यांना जवळजवळ काहीच त्रास झाला नाही. पुढे खाज सुरू झाली आणि सुमारे सहा आठवड्यांनी ती इतकी वाढली की झोप लागेना. किडींची संख्या सुमारे तीन महिने वाढत गेली व त्यानंतर, औषधाविना, झपाट्याने घटली. बरे झालेल्यांच्या अंगावर पुन्हा कीड सोडली असता दुसरेच चित्र दिसले. या वेळी एका दिवसाच्या आतच खाज सुरू झाली, पुष्कळ वेळा कीड मुळी टिकलीच नाही, आणि टिकली तेथेही तिची संख्या पहिल्याएवढी वाढली नाही.

या प्रयोगातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, शरीर ही कीड ओळखावयास शिकते व त्या शिक्षणास चार ते सहा आठवडे लागतात. दोन, एकदा शिकलेले शरीर विसरत नाही. दुसऱ्या लागणीच्या वेळी ते एक ते तीन दिवसांतच जागे होते.

शिकण्यास इतका काळ का लागतो, याचे उत्तर किडीच्या वागण्यात आहे. ती राहते तो थर मृत पेशींचा असून तेथे रक्तवाहिन्या नाहीत. घराच्या आतील माणसास कौलांवरील हालचाल चटकन कळू नये, तशी शरीराची अवस्था असते. शिवाय कीड आपल्या लाळेतून व विष्ठेतून असे काही पदार्थ सोडते की ज्यांच्या योगे कातडीतील पेशींचे धोक्याचे इशारे दबून जातात. आपल्या रक्तद्रवात 'पूरक प्रथिने' नावाचा एक गट आहे. शत्रू दिसताच त्याच्या अंगास चिकटून त्यास भोके पाडणे, व पांढऱ्या पेशींना हाक मारणे, हे त्या प्रथिनांचे काम. खरजेची कीड कातडीतून झिरपणारा रक्तद्रव गिळते. म्हणजे ही प्रथिने व प्रतिपिंडे तिच्या पोटातच जातात. आपले आतडे शाबूत राहावे म्हणून ती या पूरक प्रथिनांना निकामी करणारी स्वतःची प्रथिने तयार करते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत या प्रथिनांचा बारकाईने अभ्यास केला आहे. या प्रथिनांमुळे पू उत्पन्न करणाऱ्या जंतूंचेही फावते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. खरजेच्या मागोमाग कातडी पिकते, त्याचे केवळ खाजविणे हेच कारण नव्हे, हे यावरून समजते.

शरीर कसे जागे होते?

किडीची लाळ, विष्ठा, अंड्यांची टरफले व मेलेल्या किडींचे अवशेष हे भुयारात साठत जातात व त्यांचा अंश हळूहळू खालच्या जिवंत थरात झिरपतो. तेथे पहारेकरी पेशी असतात. त्या हा परका अंश उचलून काखेतील व जांघेतील लसिका ग्रंथींकडे नेतात. पायास जखम झाली असता जांघेत अवधाण येते, ते ज्या गाठींना येते त्याच या ग्रंथी होत. तेथे पांढऱ्या पेशींपैकी काहींना शत्रूची ओळख पटविली जाते. त्या पेशी संख्येने वाढतात व रक्तावाटे कातडीकडे परततात. या साऱ्या तयारीस पहिल्या खेपेस काही आठवडे लागतात.

तयारी पुरी झाल्यावर शरीर दोन मार्गांनी लढते. पहिला मार्ग सावकाशीचा आहे. शिकून तयार झालेल्या पेशी किडीच्या ठिकाणी गोळा होतात व एक-दोन दिवसांत तेथे सूज येऊन पुळी उठते. दुसरा मार्ग तत्काळ फळाचा आहे. शरीर 'ई' वर्गाचे प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड कातडीतील विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात आणि किडीचा अंश पोहोचताच त्या पेशी हिस्टामीन आदी द्रव्ये सोडतात. त्यामुळे काही मिनिटांत गांध व खाज उठते. एखाद्यास विशिष्ट अन्नाचे वावडे असले म्हणजे अंगावर गांधी उठतात, त्याच जातीची ही क्रिया होय. हे पदार्थ शरीराच्या ओळखीचे झाल्यामुळे, जेथे कीड नाही तेथेही पुरळ उठते. रात्री अंथरुणात अंग ऊबदार झाल्यावर ही खाज विशेष वाढते, हा अनुभव सर्वांचाच आहे.

ही लढाई व्यर्थ आहे असे मात्र समजू नये. सुजलेल्या कातडीत किडीस सुखाने राहता येत नाही, आणि खाजविताना नखांनी पुष्कळ किडी भुयारासकट उकरल्या जातात. सामान्य रोग्याच्या अंगावर दहा-पंधराच माद्या राहतात, त्याचे श्रेय या लढ्यास आहे. आपल्या देशी जनावरांच्या अंगावर विदेशी जनावरांच्या मानाने गोचीड कमी टिकतात. तेथेही त्यांच्या कातडीने अंगी बाणविलेल्या अशाच प्रतिकाराचा मोठा भाग आहे. तथापि खरजेच्या बाबतीत हा प्रतिकार बहुधा अपुरा पडतो. तो किडीस आवरतो, परंतु तिचा समूळ नाश करील अशी खात्री देता येत नाही. या रोगावर आज लसही उपलब्ध नाही. म्हणून औषधाचा आधार घेणे अवश्य आहे.

ज्यास खाज नाही तोही रोगी

आता वरील ज्ञान घरात लावून पाहू. समजा, वसतिगृहातील एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला आहे. त्यास खरूज आहे. तो धाकट्या भावाजवळ एकाच वाकळीत निजतो. पहिल्या आठवड्यात आई त्यास औषध लावते. कीड मरते व महिन्याभरात त्याची खाज निवते. परंतु त्या आठवड्यातच भावाच्या अंगावर कीड गेलेली असते. भावास प्रथमच लागण झाल्यामुळे त्याचे शरीर अद्याप शिकत असते. तो मुळीच खाजवीत नाही, म्हणून त्यास कोणी औषध लावीत नाही. पाचव्या आठवड्यात भावाच्या अंगावरील एखादी मादी थोरल्याच्या अंगावर परत येते. थोरल्याचे शरीर शिकलेले असल्याने तो दोन दिवसांत खाजवू लागतो.

घरातील मंडळी काय म्हणतात? 'औषधाने गुण आला नाही, रोग उलटला.' वास्तविक औषधाने आपले काम केले होते. रोग आला तो खाज नसलेल्या भावाकडून. येथे जो प्रथम खाजवितो तो रोगाचे मूळ नव्हे, आणि जो स्वस्थ झोपतो तो निरोगी नव्हे. पुढे घरचे लोक औषध बदलतात, दुकानदाराच्या सल्ल्याने मलम आणतात, कोणी मुलास अस्वच्छ म्हणून हिणवितो. परंतु भावाकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

एका शेतकऱ्याने फवारणी करावी व बांधापलीकडील शेत तसेच सोडावे, तर कीड आठवड्यात परत येते, हे आपण जाणतो. खरजेचा न्याय तोच आहे. घरातील प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार घ्यावेत. ऊसतोडीच्या हंगामात जवळजवळ लागून असलेल्या कोपींतून राहणारी कुटुंबे, वसतिगृहे, आश्रमशाळा अशा ठिकाणी तर एका अंथरुणावर निजणाऱ्या साऱ्यांना एकच घर समजावे.

सर्वांना एकदम औषध देण्याचा लाभ किती मोठा असतो, हे पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर आजमावून पाहिले गेले. तेथे २०१२ साली सुरू झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एका भागात केवळ रोगी व त्यांच्या निकटच्या लोकांवर नेहमीप्रमाणे उपचार केले. तेथे वर्षभरात खरजेचे प्रमाण ३६.६ टक्क्यांवरून १८.८ टक्क्यांवर आले. दुसऱ्या भागात, ज्यांना ते औषध देणे योग्य नव्हते ते वगळून, सर्व लोकांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. तेथे हे प्रमाण ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर घसरले. पिकणाऱ्या पुळ्यांचे प्रमाणही त्याबरोबर पुष्कळ घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश उष्ण प्रदेशांतील उपेक्षित रोगांत केला. जगात कोणत्याही एका वेळी २० कोटींहून अधिक लोक या रोगाने पछाडलेले असतात, असा तिचा अंदाज आहे.

प्रतिकार चुकला तर : खपलीची खरूज

शरीराचा लढा त्रासदायक असला, तरी तो नसेल तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. काही थोड्या लोकांत हा लढा दुबळा तरी असतो किंवा चुकीच्या दिशेने तरी जातो. अतिवृद्ध माणसे, एचआयव्हीचे रोगी, अवयवरोपणानंतर किंवा दीर्घकाळ प्रतिकार दाबणारी औषधे घेणारे, आणि ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली आहे असे कुष्ठरोगी यांत हा प्रकार विशेषेकरून आढळतो. नॉर्वे देशात डॅनिएलसन व बक यांनी १८४८ साली कुष्ठरोग्यांमध्येच त्याचे प्रथम वर्णन केले.

या रोग्यांच्या बोटांवर, कोपरांवर, टाळूवर व नखांखाली जाड, करड्या खपल्या धरतात. त्यांच्या अंगावर दहा-पंधरा नव्हे, तर हजारो, प्रसंगी लक्षावधी किडी असतात. आश्चर्य असे की त्यांना खाज पुष्कळदा थोडीच असते. त्यांच्या रक्तात 'ई' वर्गाचे प्रतिपिंड तर भरमसाट असतात. म्हणजे दारूगोळा मुबलक, परंतु नेम चुकलेला, अशी स्थिती असते. अशा एका रोग्यापासून सारे घर, सारा आश्रम किंवा रुग्णालयाचा कक्ष रोगी होऊ शकतो. हाताला जाड खपल्या आहेत पण खाज नाही असे वृद्ध माणूस आढळल्यास त्यास 'कातडी खरखरीत झाली' म्हणून सोडून न देता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

येथेच एक इशारा देणे जरूर आहे. बाजारात सर्व त्वचारोगांवर एकच म्हणून विकली जाणारी पुष्कळ मलमे स्टेरॉइडयुक्त असतात. स्टेरॉइड शरीराचा लढा दाबते. म्हणून लावताच खाज कमी होते व मलम गुणकारी वाटते. पण कीड मरत नाही, उलट तिला मोकळे रान मिळते. पुरळाचे रूप बदलल्यामुळे पुढे डॉक्टरांनाही रोग ओळखणे कठीण जाते. असे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून लावू नये.

पिकलेली खरूज व मुलांची मूत्रपिंडे

खरजेने सहसा कोणी दगावत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु खाजविलेल्या कातडीतून पू करणारे जंतू आत शिरतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंविरुद्ध शरीर जे प्रतिपिंड तयार करते, त्यांच्या योगे काही मुलांच्या मूत्रपिंडांस सूज येते. पिकलेल्या खरजेनंतर काही आठवड्यांनी सकाळी मुलाचे तोंड व डोळे सुजलेले दिसले, लघवी कमी झाली, किंवा तिचा रंग चहासारखा तांबूस-काळा झाला, तर एक दिवसही न दवडता त्यास दवाखान्यात न्यावे. येथेही इजा करणारी गोष्ट शरीराची प्रतिक्रियाच आहे, हे दिसून येईल. म्हणून खरूज पिकण्यापूर्वीच ती घालविणे हा खरा उपाय.

उपचार करताना

औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. सामान्यतः पर्मेथ्रिनचे ५ टक्के मलम वापरतात. रात्री अंग धुऊन, पुसून कोरडे करावे. मलम केवळ खाजेच्या जागी न लावता मानेपासून तळपायापर्यंत सर्वांगास लावावे. बोटांच्या बेचक्या, नखांखालील जागा, बेंबी, काख, जांघ व जननेंद्रियांचा भोवताल वगळू नये. लहान मुलांस टाळूलाही लावावे लागते. तान्ह्या मुलांच्या बाबतीत आधी डॉक्टरांस विचारावे. मलम ८ ते १४ तास अंगावर राहू द्यावे. मध्ये हात धुतल्यास हातांना पुन्हा लावावे. एका आठवड्याने हीच क्रिया पुन्हा करावी, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून त्या अवधीत पिले बाहेर आलेली असतात.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टर वजनाप्रमाणे देतात व त्याही ७ ते १४ दिवसांनी पुन्हा घ्याव्या लागतात. गरोदर स्त्रिया व १५ किलोंपेक्षा कमी वजनाची मुले यांना त्या सामान्यतः देत नाहीत. अशांसाठी गंधकाचे मलम किंवा अन्य औषध कोणते, हे डॉक्टर सांगतील.

शेतीखात्याच्या नात्याने एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. पिकांवरील कीडनाशके, गोचिडांवरील औषधे, जनावरांची इंजेक्शने किंवा यंत्रातील जळके तेल माणसाच्या अंगास कदापि लावू नये व देऊ नये. खाजवून सोललेल्या कातडीतून विष त्वरित शरीरात शिरते. कोळी मारणारे औषध कोळ्यावरच चालावे आणि माणसास अपाय करू नये, यासाठी त्याची मात्रा व प्रकार निराळे असतात.

अंथरूण-पांघरूणाचा प्रश्न नेहमी विचारला जातो. मेलनबी यांनी रोगी सैनिकांच्या वापरातील कांबळी निरोगी स्वयंसेवकांना पांघरावयास दिली, तेव्हा फारच थोड्यांना रोग झाला. सामान्य खरूज पसरते ती मुख्यतः कातडीस कातडी बराच वेळ लागल्याने, कपड्यांवाटे क्वचितच. माणसाच्या अंगाबाहेर कीड साधारणतः दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाही. म्हणून गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे व चादरी उपचाराच्या दिवशी कढत पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. ५० अंश सेल्सिअस उष्णतेत दहा मिनिटांत कीड मरते. धुता न येणाऱ्या गोधड्या, घोंगड्या पिशवीत बांधून किमान तीन दिवस, शक्य तर आठवडाभर, बाजूस ठेवाव्यात. घरभर औषध फवारण्याचे कारण नाही. खपलीच्या खरजेत मात्र अंथरूण, खुर्ची, जमीन यांवर गळलेल्या खपल्यांतही किडी असतात. तेथे अधिक दक्षता हवी.

औषधानंतरची खाज

उपचारानंतर खाज लगेच थांबत नाही. कीड मेली तरी तिचे अवशेष, अंड्यांची टरफले व विष्ठा कातडीत तशीच राहतात, आणि शरीर त्यांविरुद्ध लढत राहते. वरचा थर झडून नवा येईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, थोडीफार खाज राहणे स्वाभाविक आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी मलम पुन्हा पुन्हा फासतात व कातडी जाळून घेतात. मग त्या जळजळीसही खरूजच समजतात. खाज दिवसेंदिवस कमी होत असेल तर धीर धरावा. खाज शमविण्याच्या गोळ्या डॉक्टर देतील. चार आठवड्यांनंतरही खाज कायम राहिली, किंवा नवी भुयारे व नव्या पुळ्या दिसू लागल्या, तर मात्र पुन्हा तपासून घ्यावे आणि घरात कोण उपचारावाचून राहिले याचा शोध करावा.

जनावरांची खरूज

गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कुत्रा यांनाही खरूज होते. कुत्र्याच्या या रोगास आपण लूत म्हणतो. या प्राण्यांवरील कीड माणसावरील किडीची भावंड असली, तरी प्रत्येक प्राण्यावर पोसणारा तिचा प्रकार निराळा असतो. रोगी जनावर हाताळणाऱ्याच्या हातावर, पोटावर किंवा मांड्यांवर थोड्याच अवधीत पुरळ उठते. परंतु ही कीड माणसाच्या कातडीत आपली वीण वाढवू शकत नाही. जनावरावर पशुवैद्यकाकडून उपचार केले व संपर्क टाळला, तर हे पुरळ सहसा थोड्या दिवसांत आपोआप मावळते. माणसांवर वारंवार औषध करूनही गुण येत नसेल, तर गोठ्याकडे व दाराशी निजणाऱ्या कुत्र्याकडेही एकदा पाहावे.

कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. खाज हा शरीराच्या लढ्याचा परिणाम आहे. पहिल्या लागणीत तो चार ते सहा आठवड्यांनी, पुढच्या लागणीत एक ते तीन दिवसांत दिसतो.

२. म्हणून 'कोणाला खाज सुटते?' एवढेच न विचारता 'गेल्या दीड महिन्यात कोण कोणाजवळ निजले?' हे विचारावे व त्या सर्वांची यादी करावी.

३. यादीतील सर्वांना एकाच दिवशी उपचार द्यावेत व आठवड्याने ते पुन्हा करावेत. दुसऱ्या फेरीची तारीख पहिल्याच दिवशी घरात लिहून ठेवावी. यासाठी आशा कार्यकर्तीची मदत घ्यावी.

४. औषधानंतर दोन ते चार आठवडे खाज राहील, हे घरच्या मंडळींना आधीच सांगावे. आधी सांगितले तर तो सल्ला ठरतो, मागाहून सांगितले तर ती सबब वाटते.

५. खाज नसलेल्या जाड खपल्या, पिकलेल्या पुळ्या, व मुलाच्या तोंडावरील सूज या तीन गोष्टी आढळल्यास घरी उपचार न करता डॉक्टरांकडे पाठवावे.

६. कोणासही अस्वच्छ म्हणून हिणवू नये. रोज अंघोळ करणाऱ्यासही खरूज होते, कारण कातडीतील भुयारापर्यंत साबण पोहोचत नाही. हिणविलेला माणूस रोग लपवितो, आणि लपविलेला रोग एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जात राहतो.